पिशवी मागे राहिलीय!

...आणि वर मलाच विचारतात, "बाबा, तुम्ही हरवलात कसे?" अहो, हरवलात कसे म्हणजे? मी हरवलो नव्हतो! मी होतो तिथंच होतो! केरीच्या किनाऱ्यावर, सुरूच्या झाडाखाली, पिशवी मांडीवर घेऊन, गाभाऱ्यातल्या देवासारखा बसलेला होतो! गेले ते! दोन-दोन गाड्या भरून गेले, कुत्र्यासकट गेले, उरलेल्या बांगड्यांचा डबासुद्धा आठवणीनं घेऊन गेले... तळलेले बांगडे आठवले, बाप नाही आठवला... आणि हरवलं कोण? मी!

थांबा, तुम्हाला सांगतो. पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्हीसुद्धा म्हणाल म्हाताऱ्याचंच काहीतरी चुकलं असेल. मी गोकुळदास. पेडण्याचा. वीज खात्यात होतो, घरोघरी मीटर वाचायचो. सगळ्या तालुक्यातली कुत्री मला ओळखतात, काही तर चवीवरून ओळखतात. बायको मालती, मुलगा प्रज्योत, सून सेजल. सून डिचोलीची. डिचोलीची माणसं वाईट असतात असं मी म्हणत नाही, मी फक्त सून डिचोलीची आहे एवढंच सांगतो.

तर आमच्या घरात एक समज आहे, की मी वस्तू हरवतो. आता छत्री न्हाव्याकडे राहिली, हिला काय हरवणं म्हणायचं? छत्री होती तिथंच होती! चष्मा देवळात राहिला. देवासमोर काढला, डोळे मिटले, मिटलेल्या डोळ्यांना चष्मा कशाला, तसाच घरी आलो. चष्मा होता तिथंच होता, पुजाऱ्यानं घातलेलासुद्धा होता, त्याला दिसायला लागलं म्हणाला! पण आमची मालती... तिचा आवाज म्हणजे गिरणीच्या भोंग्याची धाकटी बहीण... शेजारपाजारला ऐकू जाईल असं म्हणते, "अहो, एकदा स्वतःलाच कुठेतरी विसरून या, म्हणजे आम्ही सुटू!" बायकोची वाणी. फळते.

हे सगळं चालून गेलं असतं. पण एकदा माझी पिशवी बसमध्ये राहिली. खाकी पिशवी, खात्यात होतो तेव्हापासूनची. तिच्यात चष्मा, पाकीट, माझी औषधं आणि घराची चावी. आणि नेमकी तेव्हाच सेजलची आई डिचोलीहून आलेली, हातात विसवण, म्हणजे सुरमई हो, भली मोठी... आणि आम्ही सगळे बाहेर बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर. दाराला कुलूप, विहीणबाई पायरीवर, सुरमई विहीणबाईंच्या मांडीवर, आणि उन्हात हळूहळू दोघींचा वास... नको, जाऊ दे. कुलूप फोडायला माणूस आणला. विहीणबाई एवढंच म्हणाल्या, "आमच्या घरात असं कधी झालं नाही हो." कसं होईल? त्यांचे यजमान घराबाहेरच पडत नाहीत, त्यांना बसवलंय टीव्हीसमोर, वर्षातून एकदा झटकतात!

त्या दिवशी सेजलनं ठरवलं. फोनवरून मागवलं. आलं घरी एक यंत्र. यंत्र कसलं, शर्टाच्या बटणाचा थोरला भाऊ. पांढरं, गुळगुळीत. टॅग म्हणतात त्याला. मला समोर कदेलावर बसवलं... कदेल म्हणजे खुर्ची, पण खुर्चीत माणूस आरामात बसतो, कदेलावर आमच्याकडे साक्ष द्यायला बसवतात... आणि सेजल म्हणाली, "बाबा, हे पिशवीत राहणार. पिशवी कुठे आहे ते माझ्या फोनवर दिसणार."

"माझ्या फोनवर का नाही?"

"तुमच्या फोनला ते जमत नाही हो."

बरोबर आहे. मी निवृत्त झालो तेव्हा तोही झाला.

"आणि बाबा, आता मी अलर्ट लावते. म्हणजे मी पिशवीपासून लांब गेले की माझा फोन मला सांगणार, पिशवी मागे राहिलीय!"

मी म्हटलं, "अगं, पण पिशवी तर माझ्याजवळ असणार."

"हो."

"म्हणजे तू माझ्यापासून लांब गेलीस की तुझा फोन बोंबलणार?"

"हो ना बाबा! म्हणजे तुम्ही कुठे राहिलात तर मला लगेच कळेल!"

तुम्हाला सांगतो, क्षणभर मला भरून आलं. म्हटलं, बघा, सून असून केवढी काळजी! पोटच्या पोरानं विचारलं नाही आणि ही... तेवढ्यात मालती स्वयंपाकघरातून, "सेजल, ते राहिले तर वाजतं ना? ते परत आले तर वाजणारं काही मिळत नाही का गे? जरा आधी कळलं असतं."

दुसऱ्या दिवशी सेजल निघाली म्हापशाला, ऑफिसला. वळणापर्यंत पोचली असेल, फोन बोंबलला, पिशवी मागे राहिलीय! घाबरून परत आली बिचारी. मी अंगणात दात घासत होतो. "बाबा, तुम्ही बरे आहात ना?" मी म्हटलं, "अगं, मी होतो तिथंच आहे!" तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. चौथ्या दिवशी तिनं परत येणं बंद केलं आणि फोनात काय केलं म्हणता? घराभोवती एक गोल काढला. नकाशावर. फोनला सांगितलं, ह्या गोलात पिशवी राहिली तर मला कळवू नकोस. झालं, घर गेलं. मग एकदा मला देवळात सोडून ती बाजारात गेली, तिथं वाजलं, तर देवळाला गोल. मग दवाखाना, मला नंबराला बसवून जातात, तिथं गोल. डिचोलीला विहीणबाईंची ओसरी, तिथं तर मोठा गोल! मी एकदा तो नकाशा बघितला हो... पेडण्यापासून डिचोलीपर्यंत गोलच गोल! जिथं जिथं मला ठेवून जायचं, तिथं तिथं आधीच फोनला सांगून ठेवलेलं, इथं म्हातारा राहिला तरी हरकत नाही!

मी म्हटलं, जाऊ दे. यंत्र आहे, वापरायला लागतं.

पण त्या यंत्राची खोड काय, हे मला कुणी सांगितलं होतं का? त्याची मालकीण बराच काळ लांब राहिली ना, की ते हलवल्यावर आपणहून ओरडतं! आता सेजल गेलेली माहेरी, दोन दिवस. आणि आमचे बाबुराव गेले. नाही, ते माहेरी नाही, ते वर गेले. माझे जुने मित्र. शेवटची काही वर्षं ठार बहिरे, कानात मशीन. आणि ते मशीन शिट्टी मारायचं. बाबुराव कुठेही बसले की ट्यूं... ट्यूं... त्यांना सोडून सगळ्यांना ऐकू यायचं.

तर आम्ही गेलो. बाबुराव मधोमध निजलेले, नाकात कापूस, गळ्यात हार. हयातीत कधी दिसले नाहीत इतके स्वच्छ. सगळे गप्प. त्यांची बायको सुलोचना उशाशी. मी नमस्कार करायला वाकलो, पिशवी खांद्यावरून पुढे आली... आणि, ट्यूं... ट्यूं... ट्यूं!

अहो, ती बाई अशी किंचाळली! "अहोऽऽ! तुमचं मशीन वाजतंय होऽऽ! तुम्हाला ऐकू येतंय का होऽऽ!" आणि बिलगली की प्रेताला! मोठा मुलगा धावला, "आये, मशीन मी काढलंय, खिशात आहे!" खिशातून काढून दाखवलं, ते गप्प. आणि वाजतंय तर खरं! एक म्हातारा म्हणाला, "दुसऱ्या कानात बघा." बघितलं. एक म्हणाला, "जीव आहे, जीव आहे, डॉक्टरला बोलवा!" धाकट्या सुनेचा चेहरा पडला हो... जीव आहे म्हटल्यावर! तो चेहरा मी विसरणार नाही. आणि मी तसाच वाकलेला, हात जोडलेले. आता सरळ व्हावं तर पिशवी हलते, हलली की पुन्हा ट्यूं! शेवटी भर माणसांत मालती म्हणाली, "उठा आता. बाबुराव गेलेत. तुमची पिशवी बोंबलतेय."

त्या घरी मला तेराव्यालाही बोलावलं नाही. मी काही चोरलं होतं? मी होतो तिथंच होतो!

आता केरी. रविवार. सेजलचा भाऊ देवेश, त्यानं नवी गाडी घेतलेली. ती दाखवायला सगळ्यांना जेवायला नेलं. प्रज्योतच्या गाडीत प्रज्योत, सेजल, मी आणि ब्रूनो. ब्रूनो आमचा कुत्रा. त्याला फिट येते, म्हणून संध्याकाळी न चुकता एक गोळी. माझ्या रक्तदाबाची गोळी मी घेतली का, हे विचारायला घरात कुणी नाही, ब्रूनोच्या गोळीला दोघांच्या फोनवर घंटा! आणि ती गोळी ठेवली कुठे? माझ्या पिशवीत. का? तर पिशवीला टॅग आहे, हरवणार नाही. दुसऱ्या गाडीत देवेश, विहीणबाई आणि मालती.

जेवण झालं. सगळे किनाऱ्यावर फोटो काढायला लागले. मला म्हणाले, "बाबा, जरा बाजूला सरा, मागे तेरेखोलचा किल्ला यायला हवा." सरलो. इतका सरलो की सुरूच्या झाडाखाली पोचलो. वारा होता. पोटात सोलकढी होती. डोळा लागला हो! माणसाचा डोळा लागतो. गुन्हा आहे?

जाग आली तर ऊन तिरपं झालेलं आणि गाड्यांच्या जागी चाकांच्या खुणा. माझा फोन प्रज्योतच्या गाडीत, चार्जिंगला.

पण तुम्हाला सांगतो, मी घाबरलो नाही. अजिबात नाही. म्हटलं, पिशवी आहे ना जवळ! आता सेजलचा फोन बोंबलला असेल, पिशवी मागे राहिलीय! केरीला काही गोल काढलेला नाही, टॅग आल्यापासून इथं आपण पहिल्यांदाच आलोय! गाडी वळली असेल, प्रज्योत स्वतःला शिव्या देत असेल, सेजल रडत असेल... मी तर मनात ठरवूनसुद्धा ठेवलं, की फार बोलायचं नाही, "असू दे रे पोरा, होतं असं," एवढंच म्हणायचं. जरा खोल आवाजात.

बाजूला एका बाईचा चहाभज्यांचा गाडा. भाग्यलक्ष्मी नाव, शिरोड्याकडची, मालवणी बोलणारी. बराच वेळ माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "आजोबानू, कोणाची वाट बघतास?"

"मुलगा येतोय."

"सकाळी तुमच्यावांगडा होते ते? ते मगाशीच गेले ओ! कुत्र्याक उचलून गाडयेत घातल्यानी नि गेले."

"येतील," मी म्हटलं, "ह्या पिशवीत यंत्र आहे. मी मागे राहिलो की फोन वाजतो." आणि दाखवलं तिला ते बटण. तिनं हाक मारून होडीवाल्यांना दाखवलं. ते चार-पाच जण जाळं टाकून आले. पर्यटकसुद्धा थांबले. सगळे माझ्याभोवती, चहा पीत... म्हातारा बसलाय, यंत्र बसलंय, आता पोरगा येतो का ते बघूया! एक होडीवाला म्हणाला, "येवचो ना," म्हणजे येणार नाही. दुसरा म्हणाला, "येतलो रे, बापूस तो." पहिला म्हणाला, "म्हणानच सांगतां, येवचो ना."

आणि तिकडे काय झालेलं? हे मला मागाहून कळलं. फोन वाजला होता! वेळेवर वाजला होता! त्या यंत्राला मी दोष देणार नाही, घरात तेवढंच एक इमानदार. फोननं सांगितलं, पिशवी मागे राहिलीय. सेजल म्हणाली, "बाबांची पिशवी मागे राहिलीय." प्रज्योत काय म्हणाला? "मागे म्हणजे मागच्या गाडीत असेल!" आणि गाण्याचा आवाज वाढवला!

म्हणजे पुढच्या गाडीला वाटलं मी मागच्या गाडीत. मागच्या गाडीला वाटलं मी पुढच्या. हरमलला पुढची गाडी थांबली, ब्रूनोच्या गोळीची वेळ झाली म्हणून. गोळी पिशवीत, पिशवी नाही. सेजलनं मालतीला फोन लावला, "आई, पिशवी तुमच्या गाडीत आहे?" मालती म्हणाली, "नाही गे." संपला फोन! तुम्हाला सांगतो, दोघीजणी पिशवीवर बोलल्या, गोळीवर बोलल्या, रस्त्यातल्या गर्दीवर बोलल्या... आणि त्या पिशवीला जो माणूस लटकलेला असतो, त्याच्यावर एक शब्द? एक?

इकडे मी. आणि अचानक पिशवी वाजली. ट्यूं... ट्यूं! म्हणजे सेजलनं फोनवरून वाजवली! म्हणजे ती जवळ आली! मी उभा राहिलो. भाग्यलक्ष्मीला म्हटलं, "बघितलंत? आले!" होडीवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. एक परदेशी बाई तर डोळे पुसत होती.

आले. स्कूटरवर. रविवारची गर्दी, गाडी अडकली असती, म्हणून हरमलला मित्राची स्कूटर घेतली, गाडी आणि ब्रूनो त्याच्याकडे ठेवले. प्रज्योतनं स्कूटर उभी केली, सेजल उतरली, हातात फोन, नजर फोनात. त्यात बाण असतो, पिशवीकडे नेणारा. ती बाणामागून येतेय, डावीकडे, मग उजवीकडे, वाळूतून, माणसांतून... मी दोन्ही हात पसरलेले... ती आली, थेट माझ्यापर्यंत आली, आणि पिशवीचा बंद धरून ओरडली, "सापडली रेऽऽ! प्रज्योत, सापडलीऽऽ!"

मग मान वर केली. आणि म्हणाली, "अय्या! बाबा? तुम्ही इथे कसे?"

मी... मी काय सांगू तुम्हाला. मी ठरवलेलं होतं ना, खोल आवाजात, "असू दे पोरी"... हात तेवढे पसरलेलेच राहिले. प्रज्योत आला, माझ्याकडे बघितलं, म्हणाला, "बाबा, तुम्ही देवेशच्या गाडीत नव्हता?"

मागे भाग्यलक्ष्मी सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "अगे बाय माझे! बापाशीक इसरले नि पिशयेसाठी इले!"

हसले हो सगळे. ती डोळे पुसणारी परदेशी बाईसुद्धा, तिला कुणीतरी इंग्रजीत समजावल्यावर.

म्हटलं, ठीक आहे, भेटलो ना, चला घरी. तर प्रज्योत डोकं खाजवतोय. "बाबा, स्कूटरवर तिघं कसे बसणार? हरमलला पोलीस असतात." सेजल म्हणाली, "आणि ब्रूनोच्या गोळीला आधीच उशीर झालाय." प्रज्योत म्हणाला, "पेडण्याची बस आहे ना आता, थेट. तुम्ही आमच्याही आधी पोचाल!" मी म्हटलं, "बरं." माणूस दुसरं काय म्हणतो? आणि निघताना, ऐका, निघताना सेजलनं माझ्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली. म्हणाली, "ही मी नेते बाबा. तुम्ही बसमध्ये विसराल."

चष्मा तिच्यात. पाकीट तिच्यात. यंत्र तिच्यात. गेले! आता मात्र फोन वाजायचा प्रश्नच नव्हता, पिशवी तिच्या काखेत होती. काही म्हणजे काही मागे राहिलं नव्हतं!

भाग्यलक्ष्मीनं एक पाव आणि दोन भजी कागदात बांधून दिली, मला बसपर्यंत आणलं, आणि कंडक्टरला काय सांगितलं? "ह्या आजोबांका घरची माणसां इसरान गेली. पेडण्याक उतरय हां." सगळी बस वळली. कंडक्टर सज्जन. तिकीट मागितलं नाही. पण तोंड! प्रत्येक थांब्याला, "हरमलवाले उतरा! आणि विसरलेले आजोबा, तुमचं नाही, बसून राहा!" पुढे पुन्हा, "चला उतरा! विसरलेले आजोबा, अजून नाही!" एका बाईनं पोराला कडेवर घेऊन मला दाखवलं. "बघ, असा हट्ट केलास तर तुलाही ठेवून जाणार." मी काय हट्ट केला होता? मी होतो तिथंच होतो!

घरी पोचलो. मालती केव्हाच आलेली, मेथी निवडत बसलेली. वर बघितलं आणि म्हणाली, "प्रज्योतनं गाडी कुठे लावली?"

मी म्हटलं, "मी बसनं आलो. मला तुम्ही केरीला विसरलात."

तिनं मेथी खाली ठेवली. तुम्हाला सांगतो, चाळीस वर्षांच्या संसारात मी तिला इतकं हळू बोलताना ऐकलं नव्हतं. म्हणाली, "तरीच... तरीच आमच्या गाडीत इतकं शांत होतं! आणि मी सबंध रस्ताभर म्हणतेय, पुढच्या गाडीत सेजल बिचारी कशी सहन करत असेल!"

मग ती हसली. मेथीत तोंड खुपसून हसली. पोरं आली, ती आधी हसली नाहीत, मग मालतीकडे बघून हसली. ब्रूनोला गोळी मिळालेली, तो ठीक होता, सगळ्यांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

जेवताना प्रज्योतला पस्तावा झाला असावा. भाताचा घास हातातच धरून म्हणाला, "बाबा, चुकलंच आमचं. उद्याच तुमच्यासाठी वेगळा टॅग. पिशवीला नाही, तुम्हाला. कमरेच्या करगोट्याला बांधू." सेजलकडे एक जादा पडलेला होताच. तिथंच ताट सरकवून जोडायला बसली. फोननं विचारलं, ही वस्तू काय आहे? आणि खाली यादी आली. ती मोठ्यानं वाचायला लागली, "किल्ल्या... पाकीट... छत्री... सायकल... कॅमेरा... सामान... बाबा, ह्यात माणूस नाहीये हो."

मालती आमटी वाढत होती. म्हणाली, "सामान घाल. जुनं सामान."

सेजलनं माझ्याकडे बघितलं. चांगली पोर आहे, तिचं बोट थांबलं होतं. "बाबा, चालेल?"

मी म्हटलं, घाल गे बाये, सामानच घाल. सामान राहिलं तर निदान कुणीतरी परत येतं.